फाटकावरची पोरं

आमच्या दोल्ना क्रुशा गावात सप्टेंबरात कुणाला मान वर करायला सवड नसते. प्रत्येक अंगणात लाल ढोबळ्या मिरच्यांची पोती ओतलेली, पत्र्याखाली जाळ, आणि बायका मांडीवर पातेलं घेऊन भाजलेल्या मिरच्या सोलत बसलेल्या. धूर डोळ्यांत जातो, काळी सालं नखांत रुततात, बोटांची टोकं पोळून गुळगुळीत होतात. अशाच एका दुपारी सरपंच पेत्को नेव्हेनाबाईंच्या अंगणात आला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "बाई, शाळा जातीय."

नेव्हेनाबाई आमच्या शाळेच्या एकुलत्या एक मास्तरीण. पहिली ते चौथी एकाच खोलीत, सगळी मिळून आठ पोरं. सरकारचा नियम होता: आठ असतील तोवर खोली उघडी. एक जरी कमी झालं तरी दाराला कुलूप, आणि उरलेली पोरं तालुक्याच्या शाळेच्या गाडीत.

"कोण चाललंय?" बाईंनी विचारलं. हातातली मिरची त्यांनी खाली ठेवली नाही.

"त्सोनाआजीची एलित्सा. स्वेतलाचा फोन आला होता म्हातारीला. म्हणती, पोरीला तालुक्याच्या शाळेत घाला."

स्वेतला ही त्सोनाआजीची मुलगी, एलित्साची आई. स्पेनात प्लास्टिकच्या छपराखाली टोमॅटो तोडायला गेलेली. एलित्साचा बाप कुठे आहे ते त्या बापालाच ठाऊक. आमच्या गावात हेच चित्र घरोघर आहे. पोरं आज्यांकडे आणि आया परमुलखात.

"तिला तालुक्याची शाळा कुठून दिसली?"

"तेच तर सांगतोय. त्यांनी इंटरनेटवर पान काढलंय. त्यात पोरं नाचतात, चित्रं काढतात, सगळं दिसतं. आया रात्री खाटेवर पडून फोनात तेच बघतात. तुमची शाळा बघणार कुठं? तालुक्याला शनिवारी शिकवणी लागलीय, मास्तरांसाठी, फुकट. जा, शिका, आपल्या वर्गाचं पान काढा. ऑक्टोबर संपता संपता पोरांची मोजणी हाय."

बाईंचा नवरा गांचो जाळापाशी बसला होता. त्याचा गुडघा सुजला होता, त्यामुळे भाजायचं काम त्याचं आणि सोलायचं बाईंचं. तो जाळात लाकूड सारत म्हणाला, "ती काढंल की पान. सालं कोण काढंल?"

सरपंच हसला. बाई हसल्या नाहीत. तीस वर्षं त्या खोलीत गेलेली बाई, तिला शाळेशिवाय दुसरं काय होतं? मूलबाळ नव्हतं. गावातल्या अर्ध्या माणसांना अक्षरं त्यांनीच लावली होती, आणि ती माणसं अक्षरं घेऊन गावाबाहेर निघून गेली. शाळा गेली तर उरली असती फक्त मिरची आणि गांचो. बाईंनी पातेलं बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, "जाते मी."

शनिवारची गाडी सकाळी चौकातून सुटते. चौकापर्यंतच्या गल्लीत दोन्ही बाजूंनी कुलपं. कुणाचं निधन झालं की काळ्या चौकटीतला फोटो, खाली नाव आणि तारीख, असा कागद घराच्या फाटकावर लावायची आमची रीत. चाळीस दिवसांनी नवा, सहा महिन्यांनी नवा, मग दर वर्षाला. उन्हापावसानं फाटेस्तोवर तो काढायचा नसतो. घरात राहणारी माणसं संपली तरी फाटकावरची टिकतात. बाई रोज त्यांच्यासमोरून जायच्या, इतक्या वर्षांत त्यांचं तिकडे लक्षही जात नसे.

तालुक्याला शिकवणारा पोरगा कालोयान, पंचविशीतला, केस तेल लावून मागे वळवलेले. समोर पंधरा-वीस मास्तर, बहुतेक तरण्या पोरी. बाई कोपऱ्यात बसल्या. अंगाला धुराचा वास होता, आंघोळ करूनही जात नव्हता. शेजारच्या पोरीनं खुर्ची जराशी सरकवली, तेवढं बाईंनी पाहिलं.

कालोयान म्हणाला, "संगणकाच्या पट्टीवर बोट फिरवा. बाण हलला पाहिजे."

सगळ्यांचा हलला. बाईंचा हलेना. त्या बोट घासत राहिल्या, दाबत राहिल्या.

"आजी, हळू. तिला मारू नका," कालोयान म्हणाला आणि वर्ग हसला. मग त्यानं बाईंचं बोट धरून उलटं करून पाहिलं. पोळलेलं, घट्टे पडलेलं, रेघांमध्ये काजळी बसलेली. "अहो, ह्या बोटाला यंत्र ओळखणारच नाही. हे घ्या, पुसा." त्यानं ओला कागद पुढे केला. बाईंनी पुसलं. कागद काळा झाला. तो कुठे टाकावा ते कळेना, म्हणून त्यांनी मुठीतच धरून ठेवला, वर्ग सुटेपर्यंत.

तरी बाई पुढच्या शनिवारी गेल्या. अंगठ्याजवळची मऊ बाजू पट्टीवर घासली की बाण हलतो हे त्यांचं त्यांनीच शोधून काढलं. फोटो कसा घ्यायचा, कसा लहान करायचा, भोवती चौकट कशी घालायची, खाली नाव कसं लिहायचं. सगळं वहीत उतरवून घ्यायच्या आणि शाळा सुटली की तिथल्याच मरतुकड्या संगणकावर घोकायच्या. एकदा सगळं पान तयार झालं आणि वीज गेली. साठवून ठेवायचं राहिलं होतं. बाईंनी टेबलावर डोकं टेकलं. दाराशी पोरं होती म्हणून रडल्या नाहीत. मग पुन्हा पहिल्यापासून.

इकडे अंगणात मिरच्या सडायला लागल्या होत्या. गांचो एकटाच भाजायचा, एकटाच सोलायचा, आणि बाई घरी आल्या की बरणीची झाकणं आपटायचा.

"आज काय शिकलं आमच्या कॉलेजकुमारीनं?"

"चौकट घालायला."

"वा! मी बी घालतो की चौकट. खिडकीची. दोन वर्षं झाली, फळी लावून बसलोय, तिला चौकट कोन घालनार?"

"गांचो, उगाच डोकं खाऊ नकोस."

"न्हाई, मला फकस्त सांग. एवढं पोरांचे फोटू त्या पेटाऱ्यात कोंडून काय व्हनार हाय? बघनार कोन? आनि त्ये काळं-पांढरं कशाला केलंस? पोरं आजारी दिसत्यात."

"रंगीत फोटो जड होतात. आपल्याकडची लाइन ओढत नाही. कालोयान म्हणाला, हलके करा."

"कालोयान म्हनला!"

बाई तडकल्या. दिवसभराची खोली, मग संगणक, मग ही सालं, आणि वर हे. त्या उठून उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, "तुला ज्यातलं कळत नाही त्यात तोंड घालू नकोस! आयुष्यात एक कागद धड वाचलायस का तू? मी सांगते तेवढं कर आणि गप्प बस."

शेजारपाजारची सगळी अंगणं गप्प झाली. सगळ्यांनी ऐकलं.  गांचोनं चिमट्यानं मिरची उलटली आणि त्या दिवसापासून पानाबद्दल एक अक्षर काढलं नाही.

पान झालं. छान झालं, खोटं कशाला बोला. शाळेमागच्या पांढऱ्या भिंतीशी एकेका पोराला उभं करून बाईंनी फोटो काढले होते. पोरांनी पाण्यानं केस चापून बसवले होते. एलित्साचे पुढचे दोन दात पडलेले, बाई म्हणाल्या तोंड मिट, तर ती आणखीच हसली. प्रत्येकाभोवती जाड निळी चौकट. वर लिहिलेलं, 'आमची लाडकी एलित्सा.' फोटोखाली पूर्ण नाव आणि जन्मतारीख, म्हणजे परदेशातल्या आयांना वाढदिवसाला शुभेच्छा देता याव्यात. त्याखाली ती काय छान करते ते चार ओळींत: शेळीची धार काढते, सातचा पाढा म्हणते, गाताना लाजत नाही.

दोन दिवसांनी स्वेतलाचा शाळेत फोन आला. मागे कसलंतरी यंत्र घरघरत होतं.

"बाई, बघितलं! इथल्या सगळ्या बायकांना दाखवलं. दात कधी पडले हो तिचे? मला कुणी सांगितलंच नाही."

"मग राहू दे ना तिला आमच्याकडे."

"राहू दे बाई. या वर्षी तरी राहू दे. रोज एकेक फोटो टाकाल ना?"

"रोज टाकीन."

फोन ठेवून बाई खोलीत आल्या आणि पोरांना म्हणाल्या, आज अभ्यास नाही, बाहेर जा, खेळा. पोरांना कारण कळलं नाही. बाईंना एवढा आनंद झालेला आमच्या पाहण्यात नव्हता.

तिथेच थांबायला हवं होतं. पण दुकानात पावाच्या रांगेत त्सोनाआजीनं त्यांना धरलं. "मास्तरीनबाई, आमच्या पोरांचे फोटू त्या स्पेनाला दावलेस. सांभाळतो आमी, खायला घालतो आमी, आनि आमालाच बघायला न्हाईत व्हय?" बाकीच्या आज्यांनीही री ओढली. त्यांच्याकडे बटणांचे फोन, त्यांना पान दिसणार कुठून? बाईंना ते पटलं. थोडा अभिमानही होता, तोही कुणीतरी बघावा असं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळेच्या यंत्रावर पानं छापली, प्रत्येक पोराचं एक. यंत्रात रंग कधीच नव्हता, फक्त काळी शाई. निळी चौकट काळी उमटली. खालच्या चार ओळी दुसऱ्या कागदावर जायला लागल्या, म्हणून कागद वाचवायला बाईंनी तेवढा पहिलाच कागद छापला. महिनाभर ते चेहरे त्यांनी इतक्या वेळा मोठे केले होते, लहान केले होते, कापले होते, की कागद हातात घेऊन त्यांनी फक्त एवढंच पाहिलं की फोटो तिरका तर आला नाही.

"एवढे ज्याच्या त्याच्या घरी पोचव," दुपारी घरी येऊन त्यांनी गांचोला सांगितलं. त्यांना पुन्हा वर्गात जायचं होतं.

गांचोनं कागद घेतले. वरचा पाहिला. बराच वेळ पाहिला. मग बाईंकडे पाहिलं.

"ह्येच? असंच?"

"असंच. आता आणखी काय हवंय त्याला?"

तो लंगडत गेला. कुठल्याच घरी कुणी नव्हतं, सगळ्या म्हाताऱ्या शेतावर मिरच्या तोडायला. वारा सुटला होता. कागद दाराशी ठेवला तर उडून जाणार. मग गांचोनं घरून कणकेची खळ आणली, बाप गेला तेव्हा वापरलेला कुंचला घेतला, आणि आठही फाटकांवर आठ पोरं नीट, सुरकुती न पडता चिकटवली.

दिवस कलला तशी शेतावरून ट्रॉली परत आली. बायका पोत्यांवर बसलेल्या. त्सोनाआजीचं घर पहिलं. ती कमरेला हात लावून उतरली, वळली, आणि फाटकासमोर उभी राहिली.

  मग जवळ जाऊन तिनं फोटोवर हात फिरवला, त्या पडलेल्या दातांच्या जागेवरून. आणि मग जो आवाज निघाला तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला. ती फाटकाच्या लोखंडावर डोकं आपटायला लागली. ट्रॉलीतल्या बायका उड्या टाकून उतरल्या. एकीनं तिला धरलं, दुसरीला पुढच्याच फाटकावर आपला नातू दिसला आणि ती मटकन खाली बसली. आठ घरं, आठ कागद. शाळेला आग लागली, छप्पर कोसळलं, गाडी उलटली, ज्याच्या तोंडाला जे आलं ते तो ओरडत होता. कुणी शाळेकडे धावलं. कुणी खरंच चुलीवर गहू उकडायला टाकले, मयताच्या नावानं वाटायचे गहू. हात आपोआप तिकडे वळतात आमच्याकडे.

शेजारणीनं त्सोनाआजीच्या हातात फोन दिला आणि स्पेनाला लावून दिला.  म्हातारी एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, "फाटकावर लागली गं. आपली एलित्सा फाटकावर लागली." मग फोन तिच्या हातातून मातीत पडला.

शाळा सुटल्यावर बाकीच्या पोरांबरोबर परस्पर ओढ्यावर गेलेली एलित्सा शेळी घेऊन आली तेव्हा आजी तिच्याच फोटोखाली लोळत होती. पोर दोरी धरून उभी राहिली. "आजी, काय झालं गं? कोण मेलं?"

बाई शाळेतून धावत आल्या. पहिलं फाटक पाहिलं आणि त्या तिथेच थांबल्या. तेवढ्या एका क्षणात त्यांना ते दिसलं जे सगळ्या गावाला दिसलं होतं. त्या कागदावर तुटून पडल्या. खळ वाळून घट्ट झाली होती, कागद निघेना. चौकट निघाली, कपाळ निघालं, हनुवटी तिथेच राहिली. बाईंनी नखांनी खरवडलं, नखं रक्ताळली. त्या एका फाटकाकडून दुसऱ्याकडे धावत होत्या, आणि मागून बायका शिव्या देत होत्या. एकीनं माती फेकली. "जित्या लेकरांना मारलंस गं भवाने! तुला न्हाईत म्हनून आमची मारलीस!" हे वाक्य बाईंनी ऐकलं आणि खरवडत राहिल्या.

घरी गांचो पायरीवर बसला होता.

"तू पाहिलं होतंस," बाई म्हणाल्या. "कागद हातात घेतलास तेव्हाच पाहिलं होतंस."

"पाहिलं."

"मग बोलला का नाहीस?"

"तूच म्हनली हुतीस, कळत न्हाई त्यात तोंड घालू नको." तो शांतपणे म्हणाला. "म्हटलं, ती शिकून आलीय. आता शिकल्याल्या लोकांत असंच करत असतील."

"गांचो, आठ लेकरं रे!"

"मी ईचारलं हुतं, असंच का म्हनून. तू म्हनलीस असंच." तो उठला, गुडघा धरून आत गेला. त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता हे मी सांगतो. पण दुःखही पुरतं नव्हतं.

आठवडाभर बाई दारोदार हिंडल्या. हातात भाजलेला पाव, तोंडात एकच वाक्य, चुकलं माझं. काहींनी पाव घेतला, काहींनी दाराआडूनच जा म्हटलं. त्सोनाआजीनं एलित्साच्या डोक्यावर चादर धरून वितळलेलं शिसं पाण्यात ओतून घेतलं, पोरीची भीती उतरावी म्हणून. पोरीला भीती नव्हतीच. बाई गेल्या तेव्हा आजी चुलीकडे तोंड करून म्हणाली, "पोरीला पाठवते. दुसरी शाळा जवळ न्हाई म्हनून पाठवते. माझ्याशी बोलू नको."

बाईंना तेवढं पुरलं. पोरं आठच्या आठ खोलीत आली. एलित्साही आली. बोलणी खाल्ली, माती खाल्ली, पण खोली उघडी राहणार होती. मोजणीला चार-पाच दिवस उरले होते.

आणि एका सकाळी स्वेतला वर्गाच्या दारात उभी राहिली. स्पेनाहून थेट गाडीतून आलेली, पाय सुजलेले, हातांना टोमॅटोच्या पाल्याचा हिरवट काळा रंग. आमच्या बायकांचे हात लाल, तिचे हिरवे. एलित्सानं तिला आधी ओळखलंच नाही. मग ओळखलं.

पोरांना बाहेर सोडून दोघी बाकांवर बसल्या. बाईंनी सुरुवात केली, "स्वेतला, मी काय तोंड दाखवू—"

"राग नाही माझा, बाई. पान छान होतं."

"मला चार शिव्या दे. पण असं बोलू नकोस."

स्वेतला बोटाची साल कुरतडत राहिली. मग म्हणाली, "आईचा फोन आला तेव्हा मी टोमॅटोच्या ओळीत होते. आई म्हणाली, फाटकावर लागली. मग फोन बंद. आपल्या गावच्या माणसाला त्यापुढं काय सांगावं लागतं? तुमचा खरं सांगणारा फोन येईपर्यंत मधे काही वेळ गेला. किती ते माहीत नाही. त्या वेळात मी काय केलं सांगू?"

बाईंनी मान वर केली.

"क्रेट भरला. मुकादम पलीकडच्या ओळीत होता. ओळ सोडली की तो दिवसभराचं काम धरत नाही. पोरगी मेली होती माझी, आणि मी टोमॅटो तोडून क्रेटमध्ये ठेवत होते. पिकलेला कुठला, कच्चा कुठला, तेही बघत होते. हात थांबलेच नाहीत, बाई. एक पुरा क्रेट." तिनं दोन्ही हात उलटे करून पाहिले. "तिला माझ्यापाशी ठेवणार आहे मी. तिथं खोलीत सहा बायका आहेत, सातवी ती. शाळेचं बघेन कायतरी. पण पुन्हा असा क्रेट भरायचा नाही मला."

बाईंच्या मनात आलं, मोजणी होईपर्यंत तरी थांब. चार दिवस. ओठापर्यंत आलं. त्या हातांकडे पाहून त्यांनी ते गिळलं. आमच्या बाईंनी आयुष्यात खूप काही गिळलं, पण हे सगळ्यात जड गेलं असणार.

"कधी निघणार?"

"आज. परतीची गाडी आजच आहे." स्वेतला उठली आणि दाराशी थांबली. "तेवढा तिचा फोटो काढता का त्या पानावरून? आई म्हणते, अपशकुन नको."

बाई संगणकापाशी बसल्या. स्वेतला मागे उभी. यंत्र कुरकुरत सुरू झालं, पान उघडलं, एलित्सा तिच्या निळ्या चौकटीत तोंडभर हसत होती. बाईंनी अंगठ्याजवळची मऊ बाजू पट्टीवर ठेवली, बाण फोटोवर नेला आणि एकदाच दाबलं. एलित्सा गेली. खालची पोरं आपोआप वर सरकली आणि तिची जागा भरून गेली. कुठेही फट राहिली नाही.

"किती पटकन होतं हो," स्वेतला म्हणाली.

मग तिनं अंगणातून पोरीला हाक मारली, तिच्या जाकिटाची बटणं लावली, आणि दोघी गाडीसाठी चौकात जाऊन उभ्या राहिल्या.